चरबीची गोळी आणि मेंदूतला रक्तस्राव

पक्षाघात झालेल्या माणसाला घरी सोडताना मी जी चिठ्ठी लिहून देते, तिच्यात तीन गोष्टी बहुतेक वेळा असतातच. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक गोळी, बीपीच्या एक किंवा दोन, आणि रात्री जेवणानंतर घ्यायची कोलेस्टेरॉलची गोळी. पहिली सहसा कोणी सोडत नाही. बीपीची मधूनमधून सुटते. तिसरी, जिला आमच्याकडे सगळे 'चरबीची गोळी' म्हणतात, ती सर्वांत आधी सुटते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून, पाय दुखतात म्हणून, हिच्यामुळे शुगर वाढते असं कोणी सांगितलं म्हणून. अलीकडे त्यांत आणखी एका कारणाची भर पडली आहे. "मॅडम, या गोळीनं डोक्यात रक्तस्राव होतो म्हणे."

मी सोलापुरात मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. अक्कलकोट, मंगळवेढा, तुळजापूर, पलीकडे विजापूर-कलबुर्गीपासून रुग्ण येतात. हा प्रश्न विचारणारी माणसं अडाणी नसतात. कोणी निवृत्त शिक्षक असतात, कोणाचा मुलगा पुण्यात नोकरीला असतो आणि त्यानं वाचून आईला फोनवर सांगितलेलं असतं. 'काही होत नाही हो, घ्या' म्हणून त्यांची बोळवण करणं मला पटत नाही. कारण त्यांनी ऐकलेलं सगळं खोटं नाही. त्यामागे एक मोठी आणि नीट पार पाडलेली चाचणी उभी आहे.

'स्पार्कल' हे तिचं नाव. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. आधीच्या एक ते सहा महिन्यांत पक्षाघात किंवा त्याचा तात्पुरता झटका येऊन गेलेले, पण हृदयविकार नसलेले ४,७३१ रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांना ॲटोर्व्हास्टॅटिन ही चरबीची गोळी (या गटाला स्टॅटिन म्हणतात) ८० मिलिग्रॅम मिळाली, निम्म्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. जवळजवळ पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. गुठळीमुळे होणारे पक्षाघात औषध न घेणाऱ्या गटात २७४ जणांना झाले, घेणाऱ्या गटात २१८ जणांना. मेंदूत रक्तस्राव होऊन आलेले पक्षाघात मात्र उलटे निघाले: तिकडे ३३, इकडे ५५.

हे आकडे मी ओपीडीत लपवत नाही. चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूला हजाराचा हिशेब मांडून दाखवते. पक्षाघात होऊन गेलेल्या हजार जणांनी ही मोठ्या मात्रेची गोळी पाच वर्षं घेतली, तर गुठळीचे झटके साधारण २४ जणांचे टळतील. हृदयाचे मोठे झटके १७ जणांचे टळतील. आणि मेंदूतला रक्तस्राव ९ जणांना जास्त होईल. बहुतेक जण कागदाकडे बघून म्हणतात, "मग फायदाच आहे की." पण एखादे काका थांबतात आणि विचारतात, "त्या नऊ जणांत मी असलो तर?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. सरासरी ही हजार जणांची असते. समोर बसलेला माणूस एकटा असतो आणि त्याला त्याच्यापुरतं उत्तर हवं असतं. सुदैवानं स्पार्कलच्या संशोधकांनाही तोच प्रश्न पडला होता. रक्तस्राव कोणाला झाला हे त्यांनी पुन्हा तपासलं. ज्यांचा चाचणीत येतानाचा झटकाच रक्तस्रावाचा होता त्यांना, पुरुषांना आणि जास्त वयाच्यांना धोका अधिक होता. आणखी एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. शेवटच्या तपासणीत ज्यांचं बीपी १६०/१०० किंवा त्याहून वर होतं, त्यांच्यात रक्तस्राव कितीतरी जास्त झाले. गोळीनं कोलेस्टेरॉल किती खाली आलं, याचा रक्तस्रावाशी संबंध दिसला नाही.

नंतरचे पुरावे एका सुरात बोलत नाहीत, आणि ते तसं सांगितलंच पाहिजे. २०१२ साली ३१ चाचण्यांमधल्या १ लाख ८० हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र केली, तेव्हा स्टॅटिनमुळे मेंदूतला रक्तस्राव ठोसपणे वाढल्याचं दिसलं नाही. २०१७ च्या 'फूरिये' चाचणीत इंजेक्शननं एलडीएल, म्हणजे ज्याला लोक वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, ३० पर्यंत उतरवलं. तरी रक्तस्राव वाढला नाही. दुसरीकडे, औषधाचा विचार न करता नुसती माणसं वर्षानुवर्षं पाहिली, तर अमेरिकेतल्या स्त्रियांच्या आणि चीनमधल्या कैलुआनच्या मोठ्या अभ्यासांत एलडीएल ७० च्या खाली असणाऱ्यांना असा रक्तस्राव जास्त झालेला दिसतो. मात्र अशा अभ्यासांत एक अडचण कायम असते. कोलेस्टेरॉल मुळातच कमी असलेल्या माणसांत यकृत बिघडलेले, दारू पिणारे, खाणं सुटलेले, आतून आजारी असलेलेही येतात, आणि त्यांना वेगळं काढणं कधीच पुरतं जमत नाही.

मला या सगळ्यात अकिता प्रांताची हकिगत सर्वांत जास्त शिकवून जाते. पहिलं स्टॅटिन शोधणारे अकिरा एन्दो जपानच्या त्याच प्रांतातले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हजारो बुरश्या तपासल्या आणि क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणं अडवणारं द्रव्य सापडलं. आज जगभर कोट्यवधी लोक जी गोळी घेतात, तिची सुरुवात तिथे आहे. पण एन्दो ज्या गावाकडून आले, तिथे माणसं कोलेस्टेरॉल वाढून मरत नव्हती. १९५१ पासून १९८० पर्यंत जपानमध्ये मृत्यूचं पहिलं कारण पक्षाघात होतं आणि अकितासारख्या उत्तरेकडच्या भागात त्याचा कहर होता. मांस, दूध, तेलतूप ताटात जवळजवळ नाही, त्यामुळे कोलेस्टेरॉल कमी. हिवाळाभर खारवलेल्या भाज्या आणि मिसो, त्यामुळे मीठ दिवसाला २० ग्रॅमच्याही वर. बीपी चढलेलं, आणि मेंदूतल्या नसा फुटून होणाऱ्या पक्षाघातांचं प्रमाण मोठं. पुढे गावोगाव बीपी तपासलं गेलं, औषधं दिली गेली, मीठ कमी करायला लोकांना शिकवलं गेलं आणि ते मृत्यू उतरले. खाणं सुधारून कोलेस्टेरॉल थोडं वाढल्याचाही त्यात वाटा असावा, असं तिथलेच काही संशोधक मानतात. मी ते नाकारत नाही.

याच धाग्याचं दुसरं टोक अमेरिकेत मिळालं. ३५ ते ५७ वयाच्या साडेतीन लाख पुरुषांची पाहणी १९८९ साली प्रसिद्ध झाली. कोलेस्टेरॉल १६० च्या खाली असणाऱ्यांमध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं मरण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीच्या आसपास होतं. पण हा धोका ज्यांचं खालचं बीपी ९० किंवा त्याहून जास्त होतं त्यांच्यातच दिसला. बीपी आटोक्यात असलेल्यांमध्ये कमी कोलेस्टेरॉलनं तसं काही केलं नव्हतं. कोलेस्टेरॉल फार कमी झालं तर बारीक रक्तवाहिन्यांची भिंत नाजूक होते, असा एक तर्क आहे. तो खरा धरला तरी, नाजूक भिंतीवर रोज धडका देणारं आत काहीतरी असावं लागतं.

ते 'काहीतरी' माझ्याकडे मध्यरात्री येतं. मंगळवेढ्याकडचे एक आबा असेच आले. शेतातून येऊन जेवायला बसले, उजव्या हातातला घास खाली पडला, बोलणं अडखळलं, मग उलटी. मुलगा सीटी स्कॅनची फिल्म घेऊन उभा. दिव्यासमोर धरली तर मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागात, खोलवर, पांढरा शुभ्र डाग. ताजं रक्त सीटीत असंच पांढरं दिसतं. मुलानं काही वाचलेलं होतं. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "मॅडम, त्या चरबीच्या गोळीनंच झालंय हे. आधी ती बंद करा."

आबांचं वरचं बीपी २०० च्या पुढे होतं. बीपीची गोळी त्यांनी दिवाळीच्या आधीच सोडली होती, कारण चक्कर यायची थांबली होती आणि बरं वाटत होतं. चरबीची गोळी मात्र चालू होती, कारण ती वेगळी नव्हतीच.

आबांच्या धोतराच्या सोग्यात बांधलेलं गोळ्यांचं पाकीट मी सोडून पाहिलं. ही गोष्ट मला सविस्तर सांगायची आहे, कारण गोंधळाचं मूळ तिच्यात आहे. कॅप्सूलचं पाकीट होतं, मेडिकलवाल्यानं कात्रीनं मधून कापून दिलेलं. चार कॅप्सूल उरलेल्या. चंदेरी पाठीवर कंपनीचं नाव अर्धं, तारीख नाहीच. औषधांच्या यादीतली शेवटची ओळ तेवढी वाचता येत होती: ॲटोर्व्हास्टॅटिन. घरच्यांनी तीच वाचली आणि ही कोलेस्टेरॉलची गोळी असं धरून चालले. कापून गेलेल्या वरच्या दोन ओळींत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल होतं. आपल्याकडे या तिन्हींची एकत्र कॅप्सूल सर्रास मिळते आणि हृदयाच्या झटक्यानंतर ती अनेकांना दिली जाते. तिच्यातली दोन औषधं रक्त गोठू देत नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाल्यावर ती दोन लगेच थांबवावी लागतात, त्यात वाद नाही. स्टॅटिनचं काय करायचं हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर वेगळं असू शकतं. पण कॅप्सूल एकच असेल तर तिन्ही एकत्र जातात, तिन्ही एकत्र राहतात, आणि दोषही तिघांचा मिळून एकीच्या नावावर पडतो.

तेव्हापासून नव्हे, पण बऱ्याच वर्षांपासून मी पक्षाघाताच्या रुग्णाला ही तीन-एकीची कॅप्सूल लिहून देत नाही. गोळ्या वाढतात, घरचे कुरकुरतात, थोडा खर्चही वाढतो. तरी वेगवेगळ्याच देते. कुठली चालू ठेवायची, कुठली थांबवायची, हे उद्या ठरवायची वेळ आली तर ठरवता आलं पाहिजे. मेडिकलवाल्यांनाही मी सांगत असते की पाकीट कापायचंच असेल तर नावाची बाजू रुग्णाकडे जाऊ द्या.

आबांचा रक्तस्राव जिथे झाला, ती जागा बीपीची नेहमीची जागा. मोठ्या धमनीतून केसाएवढ्या बारीक धमन्या तिथे जवळजवळ काटकोनात फुटतात, आणि मोठ्या धमनीतला सगळा जोर त्यांच्यावर येतो. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीनं त्यांची भिंत आधी जाड होते, मग कुजल्यासारखी ठिसूळ होते, आणि एके दिवशी फुटते. मुलाला फिल्मवर हे दाखवलं. बीपी खाली आणलं की रक्तस्राव किती टळतो याचा पुरावा जितका पक्का आहे, तितका या क्षेत्रात थोड्याच गोष्टींचा आहे. 'प्रोग्रेस' नावाच्या २००१ च्या चाचणीत पक्षाघात होऊन गेलेल्या सहा हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना बीपीची औषधं दिली. त्यांच्यात मेंदूतला रक्तस्राव निम्म्यावर आला. भीतीनं स्टॅटिन सोडणारा माणूस एका अंधुक धोक्यापासून पळतो. बीपीची गोळी सोडणारा त्याच रक्तस्रावाच्या सर्वांत स्पष्ट कारणाला घरात घेतो. आणि या दोघांत मला दुसराच कितीतरी जास्त वेळा भेटतो.

म्हणून माझ्या ओपीडीत कोलेस्टेरॉलच्या प्रश्नाचं उत्तर बीपीच्या पट्ट्यापासून सुरू होतं. जिना चढून आलेल्या माणसाचं लगेच मोजायचं नाही. पाच मिनिटं बसू द्यायचं, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, सदऱ्याची बाही दंडाला आवळणार नाही अशी पूर्ण वर, हात टेबलावर. मोजताना बोलायचं नाही, हे सिस्टरपासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांना बजावलेलं असतं. पहिल्या वेळी दोन्ही हातांचं. मग घरच्या मशीनवरची वही बघते. जेवणाचं विचारते. सोलापूरकडचं ताट कोलेस्टेरॉलच्या बाबतीत तसं बरं असतं, ज्वारीची भाकरी आणि भाजी. पण शेंगाची चटणी, लोणचं, ठेचा, वरून घेतलेलं मीठ, खारे दाणे, हे सगळं मिळून अकिताच्या वाटेनं जातं. "मी तूप सोडलंय मॅडम," असं अभिमानानं सांगणाऱ्या मावशींना मी मिठाची बरणी किती दिवसांत संपते ते विचारते.

गोळी सोडल्याची दुसरी बाजूही मी पाहते. अक्कलकोटकडच्या एका मावशींना आधी गुठळीचा छोटा पक्षाघात होऊन गेला होता, मानेतल्या धमनीत चरबीचा थर होता. रक्तस्रावाच्या धास्तीनं घरच्यांनी चरबीची गोळी बंद केली, आणि काही महिन्यांनी त्यांचा हात पुन्हा लुळा पडला. गोळी सोडली म्हणूनच झालं, असं एका माणसापुरतं कोणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण स्पेनमधल्या डॉक्टरांनी २००७ साली एक छोटी आणि डोळे उघडणारी चाचणी प्रसिद्ध केली. आधीपासून स्टॅटिन घेणाऱ्या ८९ जणांना गुठळीचा पक्षाघात झाल्यावर काहींची गोळी फक्त पहिले तीन दिवस थांबवली, काहींची चालू ठेवली. तीन महिन्यांनी, थांबवलेल्यांपैकी ६० टक्के मरण पावले होते किंवा परावलंबी होते. चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के. फक्त तीन दिवस! म्हणून आमच्या वॉर्डात गिळता न येणाऱ्या रुग्णाची ही गोळी चुकत नाही. सिस्टर खलबत्त्यात कुटून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून देतात आणि नळी पुन्हा पाण्यानं धुतात. मावशींची गोळी अशीच पुन्हा सुरू केली.

मात्राही तारतम्यानं ठरवते. स्पार्कलमधले ८० मिलिग्रॅम प्रत्येकाला लागत नाहीत. रोसुव्हास्टॅटिन आशियाई माणसांच्या रक्तात गोऱ्यांच्या मानानं साधारण दुप्पट चढतं, म्हणून अमेरिकेतही आशियाई रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगतात. आपल्याकडे हे फारसं कोणी बोलत नाही.

अवघड प्रश्न उरतो तो एका वेगळ्या जागेच्या रक्तस्रावाचा. खोलवर नव्हे, मेंदूच्या पृष्ठभागाजवळचा. सत्तरी ओलांडलेल्या माणसात तो बहुधा बीपीपेक्षा धमन्यांच्या भिंतीत साठणाऱ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनामुळे होतो, आणि तो पुन्हा पुन्हा होतो. एमआरआयच्या एका विशेष चित्रात पृष्ठभागावर खसखशीएवढे काळे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आधी कधीतरी झिरपून गेलेलं रक्त. अशा रुग्णांत स्टॅटिन टाळलेलं बरं, असं २०११ साली अमेरिकेत गणिती पद्धतीनं मांडलं गेलं. डेन्मार्कच्या दक्षिण भागातल्या नोंदींमध्ये मात्र स्टॅटिन घेणाऱ्यांत, पृष्ठभागाजवळचा असो वा खोलवरचा, रक्तस्राव कमीच आढळला. 'सॅटर्न' नावाची चाचणी नेमक्या याच रुग्णांसाठी आखली गेली: आधीपासून घेत असलेलं स्टॅटिन चालू ठेवायचं की थांबवायचं, हे चिठ्ठी टाकून ठरवायचं आणि पाहायचं.

अशा दोन रुग्णांचा निर्णय मी एकाच आठवड्यात घेतला. दोघंही सत्तरीचे, दोघांच्याही डोक्याच्या मागच्या भागात पृष्ठभागाजवळ रक्तस्राव, दोघांच्याही एमआरआयवर ठिपके. एक सर होते, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना हृदयाचं काही नव्हतं, गुठळीचा झटका कधी आला नव्हता. एका आरोग्य तपासणी शिबिरात कोलेस्टेरॉल जरा वाढलेलं निघालं आणि गोळी सुरू झाली, ती वर्षानुवर्षं चालू. त्यांची गोळी मी थांबवली. सरांच्या बाईंनी विचारलं, "पुन्हा कधी सुरू करायची?" मी सांगितलं की सध्या नाही; बीपी १३० च्या खाली ठेवायचं, आणि छातीत दुखलं, दम लागला तर आधी मला नव्हे, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

दुसऱ्या आजी होत्या. त्यांच्या हृदयात दोन स्टेंट, मधुमेह, पायाच्या धमन्याही अरुंद. त्यांच्या बाबतीत मी हृदयरोगतज्ज्ञांशी बराच वेळ बोलले. स्टॅटिन सोडलं तर त्यांच्या हृदयाला जो धोका होता, तो डोक्यातल्या ठिपक्यांपेक्षा आम्हा दोघांना मोठा वाटला. क्लोपिडोग्रेल थांबवलं. ॲस्पिरिन काही आठवडे बंद ठेवून पुन्हा कमी मात्रेत द्यायचं ठरलं. स्टॅटिन चालू, पण निम्म्या मात्रेत, आणि तीन-एकीच्या कॅप्सूलमधून काढून वेगळं. नातवानं तिन्ही औषधांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत एका पुठ्ठ्यावर लिहून घेतली आणि कशासाठी कुठली, ते प्रत्येकीपुढे लिहिलं. तीन महिन्यांनी एमआरआय करून पुन्हा बसायचं आहे.